सहाव्या बाईचा मुलगा

जवळ सरका, चटईवर जागा आहे. चर्चच्या पाळकबाबांनी गाऊन सांगितलेलं प्रवचन आत्ताच संपलंय, माझं मन अजून भिजलेलं आहे. तेवढ्यात एका आईची गोष्ट सांगते.

सैनिकांच्या जाचाने देश सोडून आलेल्या आम्हा कारेन लोकांत पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं. तिला मुलाच्या नावाने हाक मारतात. म्हणून या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत ती सगळ्यांची लेरतूची आई. गॅसच्या पाइपलाइनसाठी रस्ता काढायला सैनिकांनी लेरतूला ओझी वाहायला नेलं. तो परत आला नाही. पाइपलाइन परदेशी कंपनीची. त्या कंपनीच्या देशातल्या कोर्टात दाद मागता येईल, असं सांगत एक वकीलबाई आल्या. मी दुभाषी.

"नाव?"

"लेरतूची आई."

"ते नको. तुमची मुलगी अजून पलीकडे गावात आहे. नावावरून सैनिक तिच्यापर्यंत पोचतील. दाद मागणाऱ्यांत तुम्ही सहाव्या, म्हणून कागदावर तुम्ही 'सहावी बाई'."

"अगं बाई! माझ्या नवऱ्याला तर एकच झेपत नव्हती!"

आम्ही सगळ्या हसलो. मग तिचंच हसू थांबलं. "आणि लेरतू?"

"सहाव्या बाईचा मुलगा."

"पोरी, तिला सांग, मला दुसरं काही नको. न्यायाधीशाने एकदा मोठ्याने त्याचं नाव घ्यावं."

"त्याचं नाव कागदावर आलं, तरी सैनिक मुलीपर्यंत पोचतील," वकीलबाई म्हणाल्या. लेरतूच्या आईने नदीपलीकडच्या डोंगराकडे पाहिलं. तिकडे मुलगी होती. मग तिने अंगठा पुढे केला.

सात वर्षांनी निकाल आला. घडलं ते परक्या देशात, ते ऐकणं या कोर्टाचं काम नाही. मी रडत रडत सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"नाव घेतलं?"

"नाही, मावशी. 'सहाव्या बाईचा मुलगा' एवढंच आहे."

"मग हरला तो सहाव्या बाईचा मुलगा. माझा लेरतू अजून दारातच उभा आहे, पोरी. त्याला कुणी आत बोलावलंच नाही."

गेल्या साली मुलगी नदी ओलांडून सुखरूप आली. आता नाव लपवायचं कारण नाही; पण आई त्याआधीच गेली. तिच्या कबरीच्या क्रुसावर आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिलं, लेरतूची आई.

प्रार्थनेला बसाल तेव्हा माझं एवढं करा. त्या न्यायाधीशाच्या जागी तुम्ही व्हा, आणि एकदा मोठ्याने हाक मारा: लेरतू.