दुसरी किल्ली

टोचणीने मोटारसायकलच्या इंजिनाजवळ तळहात नेला आणि लगेच मागे घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली. "मी यायच्या आधीच चालू करून ठेवलीत."

"आत्ताच पाव पोचवून आलो ना." बेकरीवाल्याने पिठाचे हात पोटावरच्या फडक्याला पुसले आणि तिच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. "साहेब येतायत का मागनं? ते आले की एक चक्कर मारून बघू देत त्यांना."

"साहेब मीच."

"नाही, म्हणजे चालवणार कोण?"

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी गाडी घ्यायची म्हणून ती कितीतरी घरं फिरली होती आणि प्रत्येक ठिकाणी हा न जन्मलेला साहेब तिच्या आधीच पोचलेला असायचा. एका महाभागाने तर तिला पाणी दिलं आणि किंमत सांगितली तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला, जो बिचारा पत्ता विचारायला आला होता. वर थापा किती! साखळी लोंबतेय, टायर टकलं झालंय, आणि म्हणे गाडी फक्त रविवारी काढायचो. खोटं बोल पण रेटून बोल, दुसरं काय.

तिचं काम घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं. लॅबमधून सकाळी निघायचं, उपाशीपोटी बसलेल्या लोकांच्या दंडातून नळ्या भरायच्या, आणि रक्त खराब व्हायच्या आत परत पोचवायचं. टोचणी हे नाव घराघरांतल्या पोरांनी ठेवलेलं, ते तिला चिकटलं. स्वतःची गाडी होती तोवर सगळं सुरळीत होतं. दीडशेचं इंजिन, टाकी पुढे फुगलेली, हँडल जरा खाली झुकलेलं. रुबाब शर्यतीचा आणि खाणं चिमणीचं. मग वर्षापूर्वी ती लॅबच्या दारातून भरदिवसा चोरीला गेली. तेव्हापासून बस, आणि बसमध्ये लोकांच्या कोपरांपासून सांभाळलेल्या नळ्या. उशिरा पोचलेलं रक्त फुकट जायचं, पुन्हा टोचायला गेलं की लोक अंगावर यायचे. आता लॅबच्या मालकिणीने स्पष्ट सांगितलं होतं, या महिन्यात गाडीची सोय कर, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते.

चोरीचा दिवस आठवला की तिचं डोकं अजून फिरायचं. दाराशी वॉचमनकाका बसलेले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी गेली आणि हा माणूस म्हणतो काय, "किल्ली लावून नेली हो ताई. हेल्मेटवाला होता. जाताना मला नमस्कारसुद्धा केला. मला वाटलं तुमच्याच घरचं कुणी."

"चोर नमस्कार करून जातो होय? झोपला होतात म्हणा की सरळ!"

ती भर दारात, पेशंटांसमोर ओरडली होती. लोक हसले होते. संध्याकाळपर्यंत काकांची नोकरी गेली. त्यांच्या बायकोच्या साखरेचं रक्त कितीतरी वर्षं टोचणीच घ्यायची. त्यानंतर त्यांनी लॅबच बदलली. त्यांच्या गल्लीवरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. बरं झालं, असं स्वतःला सांगायची. गाडी कर्जासाठी आईच्या नावावर होती, म्हणून पोलिसांत आईच गेली होती. "शोधतायत म्हणतात," एवढंच ती येऊन सांगायची.

"पुढची नंबरप्लेट कुठंय?" टोचणीने विचारलं.

"भिंतीला घासली, तुटली. नवी करायला टाकलीय."

"आणि हा काळा रंग? मूळचा नाही वाटत."

"स्टिकर आहे वरून. मुळात लाल होती. बायको म्हणाली, या वयात लाल शोभत नाही." तो स्वतःशीच हसला. "बसून तर बघा. उंच वाटेल तुम्हाला जरा."

गाडी लाकडांच्या ढिगाला पाठ लावून उभी होती. टोचणी चढून बसली. स्टँड काढला. आणि थबकली.

दोन्ही टाचा सपाट जमिनीला टेकल्या होत्या.

ती बुटकी. आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक गाडीवर ती चवड्यांवर उभी राहिली होती. आपल्या गाडीचं सीट तिने मुद्दाम आतून कापून घेतलं होतं. सीटवाला नको नको म्हणत होता, कंबर मोडेल म्हणाला होता, तरी. तिचा हात आपोआप पाठीमागे गेला. सीटच्या टोकाखाली नळ्यांची पेटी बांधायला तिने वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी कडी होती, जरा वाकडी. ती तिथेच होती, आणि तितकीच वाकडी.

ती उतरली, लाकडांत शिरून मागचा नंबर पाहिला. पाहायची गरज नव्हती.

"थांबा, किल्ली आणतो," बेकरीवाला म्हणाला.

"नको. आहे माझ्याकडे."

तिने पर्समधून किल्ली काढली. वर्षभर ती किल्ली तिने टाकली नव्हती. रागावलेल्या माणसाला हातात धरायला काहीतरी लागतंच. किल्ली लावली, बटण दाबलं, गाडी सुरू झाली.

बेकरीवाला बघतच राहिला.

"माझी गाडी आहे ही!" टोचणीचा आवाज काउंटरपर्यंत गेला. पाव घ्यायला आलेली दोन-चार माणसं वळली. "लाज नाही वाटत? चोरीची गाडी, वर काळं फासलंय, आणि मला विचारतो साहेब कुठे!"

"ओ बाई, तोंड सांभाळा!" आता तोही पेटला. "भट्टीसमोर उभा राहून कमावलेल्या पैशांची आहे. चोर कुणाला म्हणता? थांबा तुम्ही. इथेच थांबा."

तो तरातरा आत गेला आणि हात पुढे करूनच बाहेर आला.

"ही बघा. कंपनीची किल्ली. लॉक तुटलंय का कुठे? वायरी जोडल्यात का? ज्या बाईची गाडी तिनेच विकली, कागदावर सही केली. एक किल्ली हरवलीय म्हणाली, म्हणून ही एकच दिली. चोर दुसरी किल्ली घेऊन येतो का?"

टोचणीने किल्ली हातात घेतली. किल्लीच्या भोकात निळा दोरा होता, दोन गाठींचा.

आईची लाँड्री होती. लोकांचे ढीगभर कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येक घराची खूण कॉलरच्या आत टाकायची, कुणाला पिवळा टाका, कुणाला लाल गाठ. निळा दोरा आणि दोन गाठी ही आपल्या घराची खूण. छत्रीला, डब्याच्या पिशवीला, कपाटाच्या किल्लीला, सगळ्याला. खूण नसलेली वस्तू दुकानाबाहेर जाता कामा नये, हे तिचं ठरलेलं. किल्ली परक्या हातात देतानाही तिला दोरा काढायचं सुचलं नव्हतं.

"कागद दाखवू?" बेकरीवाल्याचा आवाज खाली आला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो घाबरला असावा. "बाईंचा भाऊ होता सोबत. त्यानेच गाडी आणली. फार सज्जन माणूस. चहा दिला तरी नमस्कार, पैसे दिले तरी नमस्कार."

मामा! दगडालाही नमस्कार करणारा मामा.

ती लाकडांच्या ढिगाला टेकून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणीतरी म्हातारं माणूस काउंटरवरून पुटपुटलं. बेकरीवाल्याने त्याला डोळ्यांनी दटावलं.

"कागद नको," टोचणी शेवटी म्हणाली. "गाडी घेते. तुम्ही सांगाल त्या किमतीला."

"कमी करतो की. तुमचीच—"

"कमी करू नका. तुमची काही चूक नाही. मघाशी बोलले ते मागे घेते."

व्यवहार उरकून ती निघाली आणि आईच्या लाँड्रीसमोर तिने गाडी उभी केली, पण बंद केली नाही. आत आई दाराकडे पाठ करून इस्त्री करत होती. तो आवाज कानावर पडला आणि तिचा हात थांबला. इस्त्री शर्टावर तशीच राहिली. उभ्या जन्मात कुणाचा कपडा न जाळलेल्या त्या बाईच्या टेबलावरून जळका वास सुटला, तेव्हा कुठे तिने ती उचलली.

टोचणीने गाडी बंद केली, आत आली आणि निळ्या दोऱ्याची किल्ली टेबलावर टाकली.

"मामाने नेली ना?"

"त्याला बोल लावू नकोस. मीच सांगितलं."

"वर्षभर सांगत राहिलीस मला! शोधतायत म्हणतात, शोधतायत म्हणतात! जीभ कशी झडली नाही तुझी?"

आईने जळक्या शर्टाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"गाडीवरून पडून कोपर फुटून आलीस त्या दिवशीचा तुझा रक्ताचा शर्ट," ती म्हणाली. "लोकांचे डाग काढण्यात जन्म गेला माझा. तेवढा नाही निघाला. तू गाडी काढलीस की मला तोच दिसायचा. सांगून ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग भांडायचं होतंस! रोज भांडायचं, डोकं फोडायचं माझं. त्या म्हाताऱ्या माणसाची नोकरी कशाला घेतलीस?"

आईने पहिल्यांदा मान वर केली.

"गाडी मी घेतली," ती म्हणाली. "नोकरी तू घेतलीस. मी नव्हते तिथे ओरडायला."

चपराक टोचणीच्या तोंडावर बसली होती आणि खरी होती. राग तर जागचा हलेना, उलट वाढला; फक्त तो आता एकट्या आईवर मावेना.

"दुकान बंद कर," ती म्हणाली. "चल."

आईला कुठे ते विचारावं लागलं नाही. इस्त्री बंद करून तिने टेबलावरची किल्ली उचलली आणि नखाने दोऱ्याची गाठ सोडवू लागली.

"राहू दे तो दोरा. तो तसाच दाखवायचाय त्यांना."

आई या गाडीवर कधी बसली नव्हती. दुकानाच्या पायऱ्यांवरून कशीबशी चढली, आणि चढल्यावर हात कुठे ठेवावेत तिला कळेना.

"कशाला धरू गं?"

"मागे लोखंडी कडी आहे. तिला धर."

आईने चाचपून कडी धरली. गाडी निघाली. दोन वळणं झाली, बाजार मागे पडला, वॉचमनकाकांची गल्ली जवळ आली तशी आई तिच्या कानाशी झुकली.

"काय सांगायचं त्यांना?"

टोचणीने गाडी हळू केली. या गल्लीत शिरताना आज तिला मान वळवता येत नव्हती. समोर बघूनच चालवायला हवं होतं.

"तू नमस्कारापासून सांग," ती म्हणाली. "पुढचं मी सांगते."