सात वाट्यांत आठ-आठ दाणे

‘एका घरात एक दाणा, एकटा बसून राही,
दुसरा आला शेजाराला, आता भीती नाही.’

हा आवाज माझ्या पत्र्यात अजून घुमतो. टेकड्यांच्या कुशीतली एका खोलीची शाळा होती. नुकतीच नोकरीला लागलेली एक तरुण बाई माझ्या वाट्यांमध्ये घेवड्याचे दाणे टाकत हे गाणे म्हणायची. दाणा वाटीत पडला की टिण्ण वाजायचे, आणि गुडघ्यांना ठिगळे लावलेली पोरे टेबलावर ओणवी होऊन पुढचा दाणा पडायची वाट पाहायची.

मित्रांनो, मी एक जुना मफिनचा साचा आहे. चार वाट्यांच्या तीन ओळी, एवढाच माझा संसार. तुमच्या घरातल्या आप्पेपात्राशेजारी मला ठेवलेत तर आम्ही लांबचे भाऊ शोभू. ओहायो नदीकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. सपाट पत्र्यावर जड ठोकळा आदळला आणि क्षणात माझ्या अंगाला बारा खळगे पडले. दुखले की नाही ते आता आठवत नाही. पोकळ झालो, म्हणून तर पुढे कुणी ना कुणी मला भरत गेले.

त्या तरुण बाईचे नाव विल्मा. तिच्या शाळेत पोरांना मोजायला द्यायला मणी नव्हते, काड्या नव्हत्या. म्हणून पहिल्याच दिवशी तिने आईच्या स्वयंपाकघरातून मला उचलले. घाईत मी तिच्या हातून शाळेच्या पायरीवर पडलो आणि माझी कोपऱ्यातली वाटी चेपली. ‘अगंबाई, लागलं का रे?’ असे ती मला म्हणाली. पत्र्याला असे कुणी विचारते का? तिने विचारले होते.

पोरे माझ्यावर बेरीज शिकली, वाटणी शिकली. चेपलेल्या वाटीत दाणे कमी मावत, म्हणून तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत. मग एके दिवशी शाळा तपासायला मोठे साहेब आले. त्यांनी हॅट काढली, मला पाहिले आणि हसून म्हणाले,

“बाई, इथे शाळा भरते की बेकरी?”

पोरे खो खो हसली. विल्माही हसली, पण तिचे कान लाल झाले. त्या संध्याकाळी तिने मला एप्रनखाली लपवून घरी नेले. पुन्हा मी शाळा पाहिली नाही, आणि ते गाणेही पुन्हा कानावर आले नाही.

पुढे मी मफिन भाजले. जांभळ्या बेरींचे, मक्याच्या पिठाचे, सफरचंद-दालचिनीचे. विल्माचा मुलगा ड्वाइट माझ्या वाट्यांना चिकटलेले कुरकुरीत तुकडे खरवडून खात मोठा झाला. विल्मा गावातल्या मोठ्या शाळेत शिकवू लागली. पुस्तकातले पान, फळ्यावरचा पाढा, यापलीकडे ती कधी गेली नाही. कडक बाई म्हणून तिचे नाव झाले. मग घरात काहीही न चिकटणारा नवा काळा साचा आला आणि माझी रवानगी तळघरात, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी झाली. अंगावर गंजाचे ठिपके उठले. अंधारात मी ते गाणे मनातल्या मनात म्हणायचो. शेवटी एकदा मला खोक्यात भरून चर्चच्या तळघरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला पाठवून दिले गेले.

तिथे मला नोरीन भेटली. नोरीन म्हणजे ड्वाइटची बायको, विल्माची सून. तिची लेक जुनिया शाळेत जाऊ लागल्यापासून बोलेनाशी झाली होती. शाळेची पिवळी बस वळणावर दिसली की ती दाराआड लपायची, आणि घरी परतल्यावरही ती मान खाली घालून बसायची. ड्वाइट दुधाचा टँकर चालवायचा. खासगी शिकवणी परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा नोरीनने लेकीला घरीच शिकवायचे ठरवले. फक्त बारावीपर्यंत शिकलेली बाई! विल्माने त्यावर एवढेच म्हटले होते, “बरं आहे. आता दातसुद्धा घरीच काढा.”

त्या विक्रीत विल्मा ‘पाय’च्या, म्हणजे फळे भरून भाजलेल्या गोड पारीच्या, टेबलामागे उभी होती. नोरीनने मला उचलून उजेडात धरले. माझी चेपलेली वाटी विल्माच्या अगदी समोर आली. तिने मला ओळखले, हे मला कळले. ‘पाय’ कापणारी तिची सुरी मध्येच थांबली होती. आता म्हणेल, आता म्हणेल, ‘अगं, हा माझा.’

“गंजकं भांडं कशाला उचलतेस?” विल्मा म्हणाली. “मफिन चिकटतील.”

“मफिन नाही हो ग्रॅमी, गणित करणार आहे यात.” लेकीच्या तोंडचे ‘ग्रॅमी’, म्हणजे आजी, नोरीननेही उचलले होते.

“मग गणित चिकटेल,” असे म्हणून विल्माने ‘पाय’ कापायला घेतला.

पण मित्रांनो, त्या दिवशी माझे नशीब उघडले नाही. त्याच विक्रीत नोरीनला गणिताचे एक जाडजूड पुस्तक कवडीमोलाने मिळाले. नवेकोरे, चकचकीत. ती इतकी हरखली की मला घरी नेऊन फडताळात ठेवून विसरली. पुस्तक उघडून पाहते तो काय, ते शिक्षकांच्या हातातले पुस्तक निघाले! प्रत्येक गणिताखाली लाल शाईत उत्तर छापलेले. घरी शिकवणाऱ्या आया जुन्या पुस्तकांच्या ढिगात अशा हमखास फसतात.

“पुस्तक घेतलंस की उत्तरं?” ड्वाइट पोट धरून हसला.

“दात काढू नकोस. माझ्याकडे उपाय आहे,” नोरीन म्हणाली. संध्याकाळभर बसून तिने प्रत्येक उत्तरावर कागदी चिकटपट्टी लावली. उन्हाळा गेला, पाने लाल झाली. जुनियाचे एकही गणित चुकत नव्हते. नोरीन पाहुण्यांना तिची वही उघडून दाखवायची. जुनिया पुन्हा बोलू लागली होती, गुणगुणू लागली होती. तिच्या आईचे पाय जमिनीवर नव्हते.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला भाजलेली टर्की कापून झाली, क्रॅनबेरीच्या चटणीची वाटी फिरली, आणि नोरीनने वही काढली. विल्माने ती चाळली, चष्म्यावरून पाहिले आणि विचारले,

“सात आठे किती गं, जुनिया?”

जुनियाने खिडकीकडे पाहिले. मग म्हणाली, “पुस्तक आणू का?”

“पुस्तक कशाला?”

“खिडकीशी धरलं की दिसतं, ग्रॅमी. ममाने पट्ट्या लावल्यात, पण ऊन आरपार जातं ना.”

ते पोर लबाडी करत नव्हते. गणित म्हणजे पान उन्हात धरायचे, असाच तिचा समज झाला होता.

“वा!” विल्मा म्हणाली. “बराच उजेड पडला म्हणायचा.”

नोरीन उठून नळाशी गेली. भांडी पुसता पुसता ड्वाइट हळूच म्हणाला, “नोरीन, मे महिन्यात जुनियाच्या अभ्यासाची तपासणी आहे. शिक्षकाचा परवाना असलेल्या माणसाने सही दिली तर ठीक. नाही दिली तर सप्टेंबरपासून पुन्हा ती पिवळी बस.”

“ती पुन्हा मुकी होईल, ड्वाइट.”

“म्हणून तर म्हणतो, नीट शिकव. आणि तपासायला आईलाच बोलवू. तिचा परवाना आहे अजून. फी वाचेल.”

“वाचव,” नोरीन म्हणाली. “माझी कातडी तर त्या सोलतातच, तिचाच कोट शिव, म्हणजे कोटाचेही पैसे वाचतील.”

दुसऱ्या दिवशी तिने ते पुस्तक बंद करून वर ठेवले. फडताळात हात घालून मला बाहेर ओढले, मीठ आणि बटाट्याच्या फोडीने माझा गंज घासला. बटाटा अंगावरून फिरत होता आणि मला वाटत होते, कुणीतरी लहानपणीसारखे तोंड धुऊन देते आहे.

मग जो हिवाळा आला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर. नोरीनकडे पैसा नव्हता, पण डोळे होते. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रिळाच्या शेवटी उरलेला कागद फुकट मिळायचा; तो तिने भिंतीभर लावला आणि त्यावर जुनियाने आपल्या गावातून वाहणारी नदी पार समुद्रापर्यंत काढली. रंगाच्या दुकानातून रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्या आणल्या, त्यांचे तुकडे करून अपूर्णांक केले. बियाणेवाल्यांची पुस्तिका टपालाने आली की तेच वाचनाचे पुस्तक व्हायचे. ‘काकडी’ आणि ‘कलिंगड’ वाचून जुनिया बर्फातच वाफे आखायची. आणि मी? सकाळी माझ्यात दाणे, दुपारी रंग. एका वाटीतला पिवळा नि शेजारणीतला निळा तिसरीत भेटले की हिरवे व्हायचे. कडाक्याच्या थंडीत मला पाणी भरून ओसरीवर ठेवायचे. सकाळी प्रत्येक वाटीत एकेक सुकलेले पान बर्फात झोपलेले असायचे. वसंत लागताच माझ्यात टोमॅटोची रोपे उगवली. मी भांडे आहे, पाटी आहे की वाफा आहे, तेच मला कळेनासे झाले.

विल्मा दर रविवारी यायची. “आज काय शिजतंय शाळेत?” असे विचारायची. माझ्याकडे मात्र बघायची नाही. एकदाच, नोरीन कॉफी ओतत असताना, तिचे बोट माझ्या धाकट्या वाटीवरून फिरले. लगेच तिने हात मांडीवर घेतला.

मे महिन्यातल्या त्या दुपारी विल्मा टोपी घालून आली, जणू परक्या घरी आली होती. नोरीनने ओव्हनमध्ये ‘पाय’ भाजला होता, तो विल्माने नाकारला. नोरीन सिंककडे तोंड करून उभी राहिली. जुनियाने वाचून दाखवले, नदी दाखवली, पावसाचे पाणी कुठून येते ते सांगितले. विल्मा मान डोलावत होती. मग तिने चष्मा पुसला.

“सात आठे?”

जुनियाचे डोळे खिडकीकडे वळले आणि नोरीनच्या हातातला पेला सिंकमध्ये निसटला. मग जुनियाने मान फिरवली.

“साचा आणू?”

“तपासणीत भांडी?” विल्मा म्हणाली. “बरं. आण.”

जुनियाने माझ्या सात वाट्यांत आठ-आठ दाणे टाकले. टिण्ण, टिण्ण. मग ती शेवटच्या दोन वाट्यांतले दाणे उचलून इतरांना दोन-दोन वाटत गेली. “यांना दहा व्हायचं असतं, ग्रॅमी. दोन कमी पडतात ना, ते शेजारी देतात.” पाच वाट्या दहाच्या झाल्या. उरलेले तिने धाकटीत गोळा केले. “पाच दाहे पन्नास आणि हे सहा. छप्पन्न!”

मी विल्माचे ओठ पाहत होतो. ते हलत होते, आवाज नव्हता. पण ती लय माझ्या ओळखीची होती. एका घरात एक दाणा...

तिने मला उचलून आपल्या मांडीवर, टेबलाखाली घेतले. “आता साचा नाही. सहा नवे?”

जुनियाने डोळे मिटले. तिची बोटे रिकाम्या टेबलावर, मी जिथे होतो तिथे, न दिसणाऱ्या वाट्यांमधून दाणे उचलू लागली. “चोपन्न,” ती म्हणाली, आणि डोळे उघडून हसली.

मित्रांनो, आज मी जुनियाच्याच घरी एका खिळ्यावर टांगलेला आहे. तिची मुले मला अधूनमधून उतरवतात. कधी महिनोन् महिने विसरतात. टपालाने रंगीत खोकी येतात, त्यांत मोजायचे मणी, ढकलायच्या पट्ट्या, सगळे आयते असते. माझा त्यांच्यावर राग नाही. फक्त एक मागणे आहे. एखादी जुनी वस्तू फेकण्याआधी तिला हातात घ्या आणि विचारा, ‘तुला आणखी काय काय येतं?’ तिला घासा, पुसा, कोरडी ठेवा. आणि कुणी साध्या वस्तूतून काही मोठे करू पाहत असेल, तर त्याला हसू नका. एका हसण्याने मी किती वर्षे शाळेला मुकलो, ते मला ठाऊक आहे.

पण त्या दुपारचे शेवटचे सांगायचे राहिलेच. विल्माने सही केली. कागद नोरीनकडे सरकवला. टोपी हातात घेतली, उठली आणि पुन्हा बसली. मी तिच्या मांडीवरच होतो.

“‘पाय’ आहे म्हणाली होतीस ना? दे एक तुकडा,” ती म्हणाली. मग माझी चेपलेली वाटी अंगठ्याने चोळत राहिली. “ही माझ्या हातून चेपली. शाळेच्या पायरीवर. माझ्या पहिल्या दिवशी.”

नोरीन ताटली हातात धरून थबकली. “हा साचा तुमचा? आणि इतके दिवस एका शब्दाने बोलला नाहीत?”

“काय बोलू? मी यातच शिकवायचे गं. अस्सं, दाणे टाकून. एक माणूस आला, एकदाच हसला, आणि मी सोडून दिलं.” विल्माने चष्मा काढला. “तुला तर मी वर्षभर हसत होते, नोरीन. तू नाही सोडलंस.”