अस्तरातला केस

मी टोपी बोलतेय. जर्मन बादशहाच्या फौजेतल्या एका साध्या शिपायाची टोपी. करडी लोकर, लाल पट्टा, समोर दोन गोल बिल्ले आणि आत सुती अस्तर. अधिकाऱ्यांच्या टोप्यांना असतो तसा चकचकीत छज्जा काही माझ्या नशिबी आला नाही. बादशाही बुडाली, बादशहा गेला, मी मात्र राहिले. कसर लागली नाही तर लोकर माणसांपेक्षा जास्त टिकते.

माझा शिपाई नुकतं मिसरूड फुटलेला होता. मी त्याला जरा मोठीच व्हायचे, कानांवर टेकायचे. थंडीत तो झोपतानाही मला काढत नसे. पुढे लोखंडी शिरस्त्राणं आली आणि त्यानं मला घडी घालून पाठपिशवीत ठेवलं. ती पिशवी घरी पोचली, तो नाही. त्याच्या आईनं मला एकदाच छातीशी धरलं आणि पेटीत ठेवून दिलं.

त्या पेटीत मी एकच गोष्ट मागत राहिले: डोकं. कोंडा असलेलं असो की टकलू, पण डोकं. टोपीनं दुसरं मागायचं तरी काय?

हात बदलत बदलत मी एका चष्मेवाल्याच्या घरी आले. त्याला जुन्या जर्मन टोप्यांचं भारी वेड. या बाजारात खऱ्या टोप्यांपेक्षा टोपी घालणारेच जास्त, म्हणून भिंगातून माझा टाका न् टाका तपासून त्यानं मला घेतलं. घरी नेऊन हातमोजे चढवले, माझ्या आत मऊ कागदाचा गोळा भरला आणि मला काचेच्या कपाटात बसवलं. डोकं मागितलं, कागद मिळाला!

त्याची बायको धूळ पुसायला आली की तो आतल्या खोलीतून ओरडायचा, "अगं, हात नको लावूस! हाताचं तेल लागतं!"

"माझ्या सवतीच आहेत ह्या," ती फडकं झटकत म्हणायची. "माझा वाढदिवस विसरता, ह्यांना डांबराच्या गोळ्या मात्र वेळेवर."

आता त्याचं गुपित सांगते. ती बाजारात गेली की तो कपाट उघडायचा. हातमोजे नाहीत, काही नाही. कागद काढायचा आणि मला डोक्यावर ठेवायचा. छज्जेवालींना नाही हं, मलाच! क्षणभर आरशासमोर ताठ उभा राहायचा, मग स्वतःलाच लाजून खुर्चीत बसायचा. गुडघे दुखणारा, केस विरळ झालेला म्हातारा तो. पण काय ऊब होती त्या डोक्याला! दाराची कडी वाजली की माझ्या पोटात पुन्हा कागद.

एका हिवाळ्यात तो गेला. बायकोला मुलीकडे राहायला जायचं होतं, म्हणून तिनं जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला बोलावलं. एकेक टोपी खोक्यात गेली. मला हातात घेऊन त्यानं उलटं केलं आणि वास घेतला.

"वहिनी, ही कुणीतरी घातलीय. अगदी अलीकडे. ताजा डाग आहे, आणि हा बघा पांढरा केस."

"छे हो! ते कुणाला शिवूसुद्धा देत नव्हते."

"मग त्यांनीच घातली असणार. माल बिघडवला की." त्यानं खिशातून चिमटा काढला. "हा केस तेवढा उपटतो."

"थांबा!"

तिनं मला त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. अस्तरात बोट फिरवलं. मग मला नाकाशी धरलं.

"बाकीच्या न्या," ती म्हणाली. "ही नाही द्यायची."

खोकी गेली. रिकाम्या कपाटासमोर बसून ती मला म्हणाली, की त्याला म्हणाली, कोण जाणे, "निदान मला तरी घालून दाखवायचीत. मी हसले नसते हो."

आता मी मुलीच्या घरी, तिच्या शालीखाली असते. दार लोटून ती मला रोज नाकाशी धरते. तो वास विरत चाललाय. तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी जमेल तेवढा धरून ठेवते. परवा मुलगी म्हणाली, "आई, किती कळकट झालीय ही! धुऊन टाकू का?"

लोकहो, माझी एवढीच विनवणी. ती आहे तोवर मला पाणी लावू नका.