सहा नावांचा फलक

मित्रांनो, मी डोंगरातल्या नारीन गावच्या बाजारात, छपाईच्या दुकानात बसलेला एक जुना संगणक आहे. माझं कौतुक करू नका. कौतुक करणाऱ्यांना माझ्यातलं काही कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीची चार वर्षं मी राजधानीत, बिश्केकच्या एका कचेरीत पत्त्यांचे डाव दाखवत काढली, कारण तिथल्या साहेबांना दुसरं काही येतच नव्हतं. मग या दुकानाच्या मालकीण बेरमेतताईंनी मला इथे आणलं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, घोडीच्या दुधाच्या बाटल्यांवरची लेबलं, सगळं माझ्यावर झालं. प्रत्येक ओळ वेगळ्या थरावर असते आणि ते थर एका रेषेत आणायचं काम माझं. ताई एकेक ओळ डोळ्याने जोखून लावत. तेव्हा मला कामाचा अभिमान होता.

मग कुबात नोकरीला लागला. त्याने दोन बटणं शिकून घेतली, 'मध्यावर आणा' आणि 'समान अंतर ठेवा'. उथळ पाण्याला खळखळाट फार. वधूचं नाव जेवणाच्या वेळेवर चढलं तरी हा म्हणणार, "रेघ सरळ आहे ना?" असल्या माणसाच्या बोटाखाली मी सहा वर्षं काढली.

गेल्या वर्षी सातिबाल्दी आजोबांनी पूर्वजांचा फलक करायला सांगितला. आमच्याकडे ज्याला वडिलांपासून वरचे आपले सात पूर्वज सांगता येत नाहीत, त्याला कोणी माणसात धरत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे सगळं कूळ जेवायला येणार होतं. ताईंनी सहा नावं लिहिली आणि आजोबांच्या वडिलांच्या वरच्या जागी, पांढऱ्या फलकावर, जागा राखायला पांढरीच रेघ ठेवली. मग त्या शाई आणायला गेल्या. कुबातने ती रेघ कचरा समजून काढली, सहा थर निवडले आणि बटण दाबलं. मी निमूटपणे मधली जागा मिटवली. फलक छापूनही झाला.

आजोबांनी बोटांवर मोजलं. "हे सहाच झाले, पोरा."

"आजोबा, नावंच सहा दिलीत तुम्ही."

"नावं सहा. माणसं सात."

"पण मधे भोक पडल्यासारखं वाटत होतं. वाईट दिसतं ते."

"दिसतंच. शंभर वर्षं बघतोय आम्ही." आजोबा स्टुलावर टेकले. "सैन्य मागे लागलं तेव्हा बर्फातल्या खिंडीतून पळताना तीन भाऊ गेले. मागे एक तान्हं मूल उरलं, ते माझे वडील. तिघांपैकी कोणाचं, हे सांगायला कोणी राहिलं नाही. उद्या कूळ हे वाचेल आणि म्हणेल, सातिबाल्दीने स्वतःचा आजाच पुसून टाकला."

कुबातची मान खाली गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुसलं होतं मीच, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्याने नवा थर उघडून पांढरी रेघ परत ठेवली. थराला नाव द्यावं लागतं. ते छापलं जात नाही, फक्त माझ्यापाशी राहतं.

"काय नाव देऊ?" त्याने विचारलं.

आजोबा स्टुलावरून उठून पडद्याजवळ आले. मग ते म्हणाले, "'आजोबा' लिही. मला कधी तशी हाक मारायला मिळाली नाही."

मित्रांनो, सरळ रेघ मारायला अक्कल लागत नाही, म्हणून तर ते काम तुम्ही माझ्यावर सोपवता. माझी धूळ पुसा, मला जपा, असलं काही मी मागणार नाही. रिकामी जागा दिसली, तर मिटवण्याआधी एवढंच विचारा, ती कोणाची आहे.

कुबातने सातही थर निवडले. मी सातही जणांना समान अंतरावर उभं केलं.