कुसाबाईंचं नाव

महेश कधी ओरडायचा नाही. फायनान्स कंपनीचा वसुलीचा माणूस म्हणजे दारात उभा राहून शिव्या घालणारा, असं उज्वलाला वाटायचं. पण हा दुपारी ऐन जेवणाच्या गर्दीत तिच्या अंबडच्या कारखान्यांजवळच्या खानावळीत यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा, पाणी मागायचा आणि बसूनच राहायचा. शेजारी जेवणाऱ्या कामगाराला सहज विचारल्यासारखं विचारायचा, "चव बरी असते ना इथली? नाही, वहिनींचे हप्ते थकलेत, म्हटलं गिऱ्हाईक तर दिसतंय." तो कामगार मान खाली घालून जेवण उरकायचा आणि पुढच्या आठवड्यात दुसरी खानावळ शोधायचा.

उज्वलाने एकदा हात जोडले. "भाऊ, बाहेर बोला, घरी या, पण इथं नको."

"मी काय बोललो वहिनी? पाणी पितोय."

हप्ते टेम्पोचे होते. तिचा नवरा शेखर दिवसा विंचूरहून कांदा आणायचा आणि पहाटे मखमलाबादच्या मळ्यांतली फुलं उचलून पंचवटीच्या फुलबाजारात पोचवायचा. दोन वर्षांपूर्वी टेम्पो उलटला आणि शेखरच्या कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तो काठी घेऊन चालायला लागला, पण स्टिअरिंगवर पुन्हा बसणं नशिबात नव्हतं. कंपनीने टेम्पो ओढून नेला, मातीमोल भावाने विकला आणि राहिलेली रक्कम व्याजासकट मागायला सुरुवात केली. ते भागवायला उज्वलाने मोबाईलवरून एक कर्ज घेतलं, ते फेडायला दुसरं. खानावळीचं उत्पन्न भाड्यात, गॅसमध्ये आणि औषधांत संपायचं. कितीही पोळ्या लाटल्या तरी व्याज पुढेच असायचं.

कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो, असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं, म्हणून ती सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात गेली. तिथल्या विधी सेवा कार्यालयाने तिला वेदिका नावाची तरुण वकील दिली.

"विकण्यासारखं काय आहे तुमच्याकडे?" वेदिकाने विचारलं.

"भांडी, शेगडी. आणि हे मंगळसूत्र."

"स्वयंपाकाची भांडी आणि मंगळसूत्र कोणी जप्त करू शकत नाही. लोकअदालतीत तडजोड होते, पण तिथे एकरकमी पैसे टाकावे लागतात."

"ते असते तर इथं कशाला आले असते, मॅडम?"

वेदिका थोडी हसली. "मग राहिली नादारी."

"शाळेत फी माफ व्हायची, ती?"

"शब्द तोच. इथे कोर्ट ठरवतं की या बाईला फेडणं शक्य नाही. मग कोर्टाला विचारल्याशिवाय कोणी दावा लावायचा नाही, वसुलीला यायचं नाही. पुढे कोर्टाची खात्री पटली तर कर्जातून मोकळं करतात. कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे. नव्या कायद्यात गरिबांसाठी सोपी वाट लिहिलीय, पण तो भाग अजून लागूच केलेला नाही. त्यामुळे ही जुनी, लांबची वाट."

उज्वलाला बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास आला. आपल्यासारख्यांसाठी कायद्यात काही लिहिलंय, हेच तिला नवीन होतं. वेदिका विचारत गेली, ती एकेका कंपनीचं नाव सांगत गेली. शेवटी वेदिकाने पेन थांबवलं.

"आणि ऑपरेशनचे पैसे कुठून आले?"

ते पैसे कुसाबाईंनी दिले होते. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा, शेखर पहाटे त्यांचीही फुलं न्यायचा. शेखर दवाखान्यात आहे कळल्यावर म्हातारी हातातल्या सोन्याच्या पाटल्या विकून आली होती आणि पैसे पदरात घालून गेली होती. कागद नाही, व्याज नाही.

"ते कर्ज नाही, मॅडम."

"परत करायचेत ना?"

"करायचेतच. सगळ्यांच्या आधी त्यांचे."

"मग ते कर्जच झालं. लिहावं लागेल. वगळलं तर शपथेवर खोटं बोलल्यासारखं होईल. कंपनीचे वकील नेमकं हेच शोधत असतात."

"मग अर्जाच्या आधी त्यांचं देऊन टाकते. मंगळसूत्र मोडते."

"तसं करू नका. एकाला आधी देऊन लगेच अर्ज केला तर कोर्ट तो व्यवहार रद्द करतं. त्यांच्याकडून पैसे परत मागतील. त्यांनी आपणहून सोडले तर गोष्ट वेगळी. मग देणंच राहत नाही."

"म्हणजे महेशची कंपनी आणि आमच्या मावशी एका रांगेत?"

"हो. नोटीसही दोघांना जाईल," वेदिका म्हणाली. तिलाही ते आवडलं नसावं.

घरी शेखर ऐकून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मग म्हणाला, "त्या बाईला कोर्टाची नोटीस पाठवायची? त्यापेक्षा महेश परवडला."

"तुम्हाला परवडतो. तुम्ही इथं घरात असता. त्याच्यासमोर पोळ्या मी लाटते."

बोलून गेल्याचं उज्वलाला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेत असंही वाटलं नाही. त्याच आठवड्यात खानावळीच्या गाळ्याच्या मालकाने सांगितलं, "रोज वसुलीवाला येऊन बसतो, बरं दिसत नाही. दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघा." गाळा गेला की खानावळ गेली, आणि खानावळ गेली की काहीच उरत नव्हतं. उज्वला मखमलाबादला गेली.

कुसाबाई झेंडूच्या ओळीत वाकून फुलं तोडत होत्या. उज्वलाला बघून त्यांनी आधी शेखरची चौकशी केली. उज्वलाने सगळं सांगितलं, अर्ज, नोटीस, रांग. कुसाबाईंचा हात थांबला.

"नोटीस घरी येईल?"

"येईल, मावशी."

"समर्थला ठाऊक नाय. पोराला मी सांगितलंय, पाटल्या बँकेत ठिवल्यात. सून लय दिसांपासून विचारती." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "नाव नको लिहू माझं."

"न लिहिता चालत नाही." पुढचं वाक्य बसमध्ये तिने मनात घोळवलं होतं. "तुम्ही पैसे सोडले म्हणालात, तर मात्र लिहावं लागणार नाही. वकीलबाई म्हणाल्या."

कुसाबाईंनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण नीट ऐकलं का, असं बघत होत्या.

"सोडू कसं? ते माझं म्हातारपण व्हतं. पोराच्या तोंडाकडं बघायची पाळी येऊ नये म्हणून जपलेलं. शेखर माझं गाठोडं सोता उचलायचा पहाटंचं, बाकीचे गाडीवाले हात लावायचे नाय. म्हणून दिलं. सोडायला नाय दिलं."

"तसं नाही, मावशी, मी..."

"तुला काय करायचं ते कर."

त्या पुन्हा वाकल्या. उज्वला शेजारच्या ओळीत शिरून फुलं तोडू लागली. कुसाबाईंनी तिच्या मुठीतली फुलं काढून आपल्या टोपलीत टाकली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. बस चुकंल तुझी."

अर्ज दाखल झाला. शेखरचा वेगळा, तिचा वेगळा. दोन्हींत कुसाबाईंचं नाव होतं. शेखरने सही करताना वर बघितलं नाही.

नोटिसा गेल्या तसा समर्थचा फोन आला. "आमच्या आईला फसवलं तुम्ही," तो ओरडत होता. मागे बाईमाणसाचा चढलेला आवाज ऐकू येत होता. कुसाबाईंचा आवाज त्यात नव्हता.

सुनावणीला कंपनीचे वकील म्हणाले, धंदा रोज चालू आहे, ही बाई नादार कशी? वेदिकाने भाड्याच्या पावत्या आणि दवाखान्याचे कागद पुढे केले. निकाल लागेपर्यंत वसुली थांबवावी, असा तात्पुरता आदेश न्यायाधीशांनी दिला. समर्थ आईला घेऊन आला होता. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा कुसाबाई उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "देणं खरं हाय. तिनं खोटं नाय सांगितलं."

बाहेर समर्थ मोटरसायकल आणायला गेला. व्हरांड्यात दोघी शेजारी उभ्या राहिल्या. उज्वलाने पिशवीतून डबा काढला. "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

"भूक नाय." मग कुसाबाईंनी विचारलं, "कवा देशील?"

"कोर्टातून सुटले की. त्याच्या आधी तुम्हाला एकटीला दिलं तर चालत नाही."

"आन कवा सुटशील?"

"वकीलबाई म्हणतात, काही वर्षं जातील."

"तवर मी हाय का?"

उज्वलाने डबा पुन्हा पिशवीत ठेवला. मोटरसायकल आली. समर्थने तिच्याकडे बघितलंही नाही. कुसाबाई मागे बसल्या, मोकळ्या मनगटांच्या हातांनी मुलाच्या खांद्याला धरलं आणि गाडी गर्दीत गेली.

महेश यायचा बंद झाला. मालकाने गाळा सोडायचा विषय पुन्हा काढला नाही, कामगार परत यायला लागले, आणि महिनाअखेरीस भाडं, गॅस, औषधं जाऊन थोडे पैसे उरले. उज्वलाने ते वेदिकाला फोन करून सांगितलं, कारण आता उरलेलंही कोर्टाला दाखवायचं होतं.

"त्यातले थोडे तरी मावशींना?" तिने विचारून बघितलं.

"नाही, ताई. पुढच्या तारखेपर्यंत हात लावू नका."

शेखर दारात काठीवर टेकून ऐकत होता. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

तो आत येऊन परातीसमोर बसला. उज्वलाने पीठ पुढे सरकवलं आणि दोघं संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळायला लागले.