माघारी

"ते दाराचं तेवढं आज काढून टाक, अक्का," राजेंद्र पडद्यामागे येऊन म्हणाला. "माय पहिल्याच रांगेत बसलीय. चार लोकांत तिला मान खाली घालायला लावतीस का?"

"ते काढलं तर उरतं काय रे?" सुकेशनीने पदर खोचला. "माझी जिनगानी हाय ती. मी सांगणार."

अकरा वर्षे ती हा एकपात्री प्रयोग करत होती. एरवी छावणी भागातल्या एका दवाखान्यात आयाचे काम, आणि सुट्टीच्या दिवशी शाळा, समाजमंदिर, महिला मेळावा, जिथे बोलावतील तिथे. एका गावात तर तिचा माइकच बंद केला होता. ती तशीच घसा ताणून शेवटपर्यंत बोलली होती. सतराव्या वर्षी झालेले लग्न, नवऱ्याचा मार, मोडलेला संसार, सगळे ती सांगायची. केसरबाईने मात्र लेकीचा प्रयोग कधी पाहिला नव्हता. आज गारखेड्याच्या या सभागृहात ती स्वतःहून आली होती.

दुपारी चारला प्रयोग सुरू झाला. माहेरच्या दाराचा प्रसंग आला. सुकेशनीने हवेतच कडी वाजवली, मग वळून आईच्या आवाजात म्हणाली, "जा माघारी. तुझं घर तिकडंच हाय." आणि नेहमीप्रमाणे पुढे सांगितले, "एकदाच धाडलं मायनं. दुसऱ्या खेपंला दार उघडलं."

"नाय!"

केसरबाई उभी राहिली होती. राजेंद्र तिला खाली बसवू लागला, तर तिने त्याचा हात झटकला.

"तीनदा धाडलं म्या हिला. तिसऱ्या खेपंला उजवा हात मोडलेला व्हता हिचा. बघितला म्या. तरी धाडलं. मला झाकू नको, सुके. झालं तसं सांग."

सुकेशनीला पुढचे वाक्य आठवेना. आईसाठी रचलेले हे एवढे एक खोटे तिने इतक्यांदा म्हटले होते, की तिलाही ते खरे वाटू लागले होते.

"बस, माय," ती कशीबशी म्हणाली.

"उभीच ऱ्हाते मी. तू कर."

सुकेशनी रंगमंचाच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली आणि पुन्हा कडी वाजवली. पुन्हा माघारी गेली. तिसऱ्यांदा येताना तिने उजवा हात छातीशी धरला होता. कडी तिने डाव्या हाताने वाजवली.