आईचा जबाब

लताबाईंनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेला कोयता पोलीस ठाण्यातल्या टेबलावर ठेवला आणि टॉवेलाची एक बाजू उलगडून दाखवली.

टेबलामागे अहिरे हवालदार चहा पीत होते. त्यांनी आधी पात्याकडे पाहिलं, मग लताबाईंकडे, आणि कप बाजूला सरकवला.

“हे काय?”

“कोयता हाय. माझ्या पोराचा.”

“मग इथं कशाला आणलात?”

“परवा आमच्या वसाहतीत गाड्या फोडल्या ना, त्यातला हाय. धम्मपालच्या हाताला लागला तो हाच. पोराचं नाव राज. आत्ता घरी झोपलाय. चला, मी दार उघडून देते.”

अहिरेंनी घाईनं टॉवेल पुन्हा पात्यावर ओढला.

“मावशी, तुमचं काही फुटलंय का?”

“माझं काय फुटायचं राहिलंय?”

“तसं नाही हो. फिर्यादी लागतो. ज्याची रिक्षा फुटली त्यानं यायला पाहिजे.”

“आला होता की तो. हाताला टाके घालून इथंच उभा होता. तुम्ही त्याला म्हणाले, अर्ज देऊन जा, बघू.”

अहिरे उठून आतल्या खोलीत गेले. काचेपलीकडे साहेब खुर्चीतून न हलता काहीतरी बोलले. अहिरे बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“साहेब म्हणतात, घरातला मामला आहे. पोराला समजावून सांगा. आणि हे घेऊन जा.”

“असंच नेऊ रस्त्यानं?”

“जपून न्या. हत्यार घेऊन फिरणं गुन्हा आहे, लक्षात ठेवा.”

“मग नोंदवा गुन्हा,” लताबाई म्हणाल्या. “त्याच्यावर नोंदवता येत नसंल तर माझ्यावर नोंदवा. मी आणलाय. बिटको चौकातून पायी आणलाय.”

पासपोर्टच्या चौकशीसाठी बसलेल्या दोघांनी मोबाइलमधून माना वर केल्या. अहिरेंनी त्यांच्याकडे पाहिलं, कोयता उचलला आणि मागच्या कपाटात ठेवून दिला. पोच मागितली तेव्हा ते समोरचं रजिस्टर चाळू लागले. लताबाई बाकावर जाऊन बसल्या आणि अहिरेंची ड्यूटी सुटेपर्यंत बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, “उद्या येते.”

लताबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. विंचूरहून लग्न होऊन नाशिक रोडला आल्या तेव्हा नवरा, सावळीराम, मालधक्क्यावर हमाली करत होता. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. राजला त्यांनी एकटीनं वाढवलं, सातपूरच्या आयटीआयला घातलं. फिटरचं शिक्षण त्यानं मध्येच सोडलं आणि तो भाऊंच्या कार्यालयात बसू लागला. भाऊ म्हणजे प्रभागातले पुढारी. चौकातल्या फ्लेक्सवर भाऊंच्या मोठ्या चेहऱ्याखाली गोल गोल चौकटींत पोरांचे फोटो असत. एका वाढदिवसाला त्यात राजचाही फोटो आला. तो फ्लेक्स बघायला त्यानं आईला मुद्दाम चौकात नेलं होतं.

याआधी दोनदा पोलिसांनी त्याला उचललं होतं. दोन्ही वेळा लताबाई ठाण्यात पोहोचायच्या आत भाऊंचा फोन आला आणि राज हसत बाहेर आला. पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाटलं नाही. आणि परवा, धम्मपालचा हात चिरल्यावर, त्या त्याला म्हणाल्या होत्या, “अरे, मेला असता तो.” राजनं मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं, “तरी काय झालं असतं? भाऊ आहेत ना.”

तो झोपल्यावर त्यांनी घर उलथंपालथं केलं होतं.

ठाण्यातून त्या थेट धम्मपालच्या घरी गेल्या. मनीषानं, धम्मपालच्या बायकोनं, दार अर्धवटच उघडलं. तिची मुलगी अंगणवाडीत येत असे. लताबाईंना पाहून ती आतून धावत आली, तर मनीषानं तिला मागे ओढलं.

“आता काय बघायला आलात?”

“तू तक्रार दे मनीषा. नाव मी सांगते.”

“कोणाचं नाव?”

“राजचं. आणखी कोणाचं?”

मनीषा बघतच राहिली. मागे खाटेवर धम्मपाल बसला होता. कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी होती आणि तो हात त्यानं उशीवर ठेवला होता. दारासमोर रिक्षा उभी होती. पुढची काच नव्हती, हूड उभं चिरलेलं होतं.

“भाऊंचा माणूस येऊन गेला,” धम्मपाल म्हणाला. “रिक्षा नवी करून देतो म्हणाला. काच, हूड, सगळं. कुठं जाऊ नका, एवढंच म्हणाला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? स्टेशन-शालिमार एक फेरी झाली नाही तीन दिवसांत. पोलीस तर विचारत नाहीत. घ्यावीच लागंल दुरुस्त करून.”

“घ्या,” लताबाई म्हणाल्या. “मी नाय म्हणत नाय. पण पुढच्या वेळी ते हातावर थांबणार नाय. तुमचा नसंल, दुसऱ्या कोणाचा जीव जाईल. मग माझं पोरगं खुनी होईल. आज नुसतं उनाड हाय, आज धरलं तर काही वाचंल.”

मग मनीषा हळूच म्हणाली, “आणि उद्या तुम्ही फिरलात तर? आई आहात तुम्ही. आम्हाला इथंच राहायचंय.”

“फोन हाय ना तुझ्याकडं? काढ. मी बोलते ते घे त्यात.”

मनीषानं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली नाही, पण नकोही म्हटलं नाही. तिनं फोन काढला. लताबाईंनी पदर नीट केला, फुटलेल्या रिक्षाशेजारी उभ्या राहिल्या आणि आपलं पूर्ण नाव सांगून म्हणाल्या, “माझा मुलगा राज यानं ही रिक्षा फोडली, यांचा हात कापला. कोयता माझ्या घरात सापडला, तो मी ठाण्यात दिलाय. पोलिसांनी लिहून घेतलं नाय. त्यांनी लिहून घ्यावं, म्हणून मी सांगते.”

“झालं?” मनीषानं विचारलं.

“झालं. वसाहतीच्या ग्रुपवर टाक.”

“ग्रुपवर? सगळीकडं जाईल ते.”

“जाऊ दे.”

मनीषाचा अंगठा बराच वेळ पडद्याच्या वर राहिला. मग तिनं तो टेकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लताबाई अंगणवाडीतून आल्या तेव्हा राज उंबऱ्यात उभा होता. हातात फोन होता आणि फोनमधून त्यांचाच आवाज येत होता.

“आई, हे काय केलंस?”

“बघितलंस ना?”

“अख्ख्या नाशिक रोडनं बघितलं! पोरं हसतायत मला. सख्खी आई सांगते आणि…” तो थांबला. “डोकं फिरलंय का तुझं? मला आत टाकणारेस?”

लताबाईंनी पिशवी खुंटीला लावली. घागरीतून तांब्या भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही.

“राज, भाऊंनी तुला कामाला लावलं का कुठं? एवढ्या दिवसांत?”

“त्याचं काय इथं?”

“त्यांचा पोरगा कुठं असतो?”

“पुण्याला. शिकतोय.”

“मग त्यांच्यासाठी गाड्या फोडायला तो का येत नाय?”

राजनं भाऊंना फोन लावला, कानाशी धरला. परत लावला. तिसऱ्यांदा लावताना तो आईकडे पाठ करून उभा राहिला. पलीकडे नुसती रिंग वाजत होती, ती लताबाईंनाही ऐकू येत होती.

“चल माझ्यासंगं,” त्या म्हणाल्या. “मी येते तुझ्याबरोबर. आपण दोघं जाऊ.”

“तू माझी आई नाहीस,” राज म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

लताबाईंनी तांब्यातलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. मग बाकीचं काम केलं.

सकाळी त्या ठाण्याकडे निघाल्या तेव्हा वसाहतीच्या तोंडाशी मनीषा आणि धम्मपाल उभे होते. त्यांच्या मागे आणखी माणसं होती. कोणाच्या मोटरसायकलची सीट फाडली होती, कोणाच्या टेम्पोच्या काचा गेल्या वर्षापासून पुठ्ठ्यानं बंद होत्या. काहींनी लताबाईंकडे पाहणं टाळलं. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, “पोराला असं वाढवलंच कशाला?” लताबाईंनी ऐकलं आणि चालत राहिल्या. म्हातारा बोलत बोलतच सगळ्यांबरोबर आला.

ठाण्याच्या दारात गर्दी पाहून अहिरे उठून उभे राहिले. या वेळी साहेब स्वतः बाहेर आले.

“काय मोर्चा आणलाय काय? एकेकानं बोला.”

“एकेकानंच बोलणार आहोत,” मनीषा म्हणाली. “पण जाणार सगळे मिळून. लिहून घ्या, मगच जाणार. मी अर्ज देणार नाही, एफआयआर द्यायचाय. आणि ‘अनोळखी इसम’ लिहू नका. त्याची आई इथं उभी आहे.”

साहेबांचा फोन वाजत होता. त्यांनी नाव पाहून तो बंद केला; लगेच पुन्हा वाजला. कोणीतरी मागून म्हणालं, “पेपरवाले असतील, उचला की.” कोणी हसलं नाही. टेम्पोवाला पुढे होऊन म्हणाला, “साहेब, आम्ही रात्री फोन केला की गाडी सकाळी येते. आणि भाऊंचा फोन आला की पाच मिनिटांत पोरगं सुटतं. एवढं लवकर आमच्यासाठी कधी तरी हला.”

साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. लताबाईंपाशी ती जराशी थांबली.

“अहिरे, घ्या लिहून,” ते म्हणाले आणि आत गेले.

धम्मपालची फिर्याद लिहून होईतो दुपार झाली. कपाटातला कोयता बाहेर निघाला, पंच आले, त्यावर कागद चिकटवून सह्या झाल्या. राजला शोधायला गेलेली गाडी अपेक्षेपेक्षा फार लवकर परत आली.

“कुठं सापडला?” मनीषानं एका शिपायाला विचारलं.

“सापडतोय कुठला. भाऊंनीच कार्यालयातून फोन केला. म्हणाले, आमचा काही संबंध नाही, येऊन घेऊन जा.”

राज गाडीतून उतरला. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. त्यानं गर्दीत कोणाला तरी शोधल्यासारखं पाहिलं, आणि आई दिसल्यावर मान खाली घातली. लताबाई एक पाऊल पुढे झाल्या. त्यांचा हात त्याच्या बटणापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. शिपायानं त्याला आत नेलं.

हळूहळू लोक पांगले. धम्मपालला पट्टी बदलायला जायचं होतं. मनीषा जाताना लताबाईंच्या शेजारी बाकावर टेकली, थोडा वेळ बसली आणि उठून गेली. मग अहिरेंनी हाक मारली.

“या मावशी. तुमचा जबाब राहिलाय.”

लताबाई टेबलासमोर बसल्या. अहिरेंनी नाव, वय, पत्ता लिहिला. त्या रात्री राज किती वाजता घरी आला, काय बोलला, कपडे कोणते होते, सगळं विचारलं. लताबाई सांगत गेल्या. एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. बोलताना त्या हवालदारांच्या पेनकडे बघत होत्या, सगळं उतरतंय ना म्हणून.

“आणि तुम्हाला कळलं कधी?” अहिरेंनी विचारलं.

“कोयता सापडला तेव्हा.”

“कोयत्याचं नाही. त्याच्या आधी. पोरगं हातातून चाललंय, हे पहिल्यांदा कधी कळलं?”

लताबाईंनी विचार केला.

“त्यानं भांडायचं सोडलं तेव्हा,” त्या म्हणाल्या. “आधी लय भांडायचा माझ्याशी. भाजीवरून, पैशावरून, कशावरून पण. मग एकदम गोड झाला. काही म्हटलं की हो आई. कुठं हायेस, तर आलोच आई. मला वाटलं, शहाणा झाला.”

एवढं बोलून त्या थांबल्या. कागदावर पेन चालत नव्हतं. त्याचं टोपण केव्हाच लावलेलं होतं.

अहिरे खिडकीकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी टेबलावर पालथा ठेवलेला मोबाइल उचलला, एक नंबर लावला आणि कानाला लावला.

“कुठं आहेस रे?” त्यांनी विचारलं.

बाहेरच्या बाकांवर आता कोणी नव्हतं. पलीकडचा कोवळा, हसरा आवाज लताबाईंपर्यंत स्पष्ट आला.

“हो पप्पा. आलोच पप्पा.”

फोन बंद झाला तरी अहिरेंनी तो कानाशीच धरून ठेवला होता. लताबाईंनी मान वळवली आणि भिंतीकडे बघत, ते पुन्हा विचारतील तोवर, तशाच बसून राहिल्या.